चिकणमातीखालची नदी

१

जमिनीखालचं पाणी फार आळशी असतं. दिवसभरात वीतभर सरकलं तरी पुष्कळ झालं. म्हणूनच काल संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या विहिरींकडे निघालेलं पाणी आज सकाळी पडद्यावर जागच्या जागी बसलेलं दिसलं, तेव्हा बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

बाई या कंपनीत तपासनीस होत्या. भूजलाचं मॉडेल, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं याचं संगणकातलं चित्र, दुसऱ्यांनी बनवायचं आणि बाईंनी त्यातल्या चुका काढायच्या. बाईंची सही झाल्याशिवाय कुठलाही अहवाल बाहेर जात नसे. ऑफिसात पाठीमागे त्यांना सगळे 'गाळणी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

हे मॉडेल एका खड्ड्याचं होतं. साधासुधा खड्डा नव्हे, कारखान्यांचा रासायनिक कचरा पुरायचा खड्डा. तो खणायला परवानगी द्यायची की नाही, याची सुनावणी आज दुपारी होती. खड्ड्यातून पाणी झिरपलं तर ते कुठे जाईल, एवढंच मॉडेलनं सांगायचं होतं. जमिनीचे थर तीन. पहिला वरच्या वाळूचा, त्यात खड्डा आणि जवळून वाहणारी नदी. दुसरा चिकणमातीचा, ज्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. तिसरा खोलवरच्या वाळूचा, ज्यातून कॉलनीच्या विहिरी पाणी उपसतात. आता चिकणमाती सलग असती तर प्रश्नच नव्हता. पण मधे एके ठिकाणी ती नव्हतीच. ऑफिसात त्या भोकाला 'खिडकी' म्हणत.

कालच्या चित्रात खड्ड्यातून लाल रंगाची जीभ निघाली होती, खिडकीतून खाली उतरली होती आणि दहाएक वर्षांत थेट विहिरींना जाऊन भिडली होती. आजच्या चित्रात तोच लाल डाग खड्ड्याभोवती गुमान बसून होता.

"मावशी, हे मी नाही केलं," मागून आवाज आला.

मॉडेल बनवणारा हा बाईंचा सख्खा भाचा. ऑफिसात तो त्यांना कटाक्षानं 'मॅडम' म्हणायचा. आज मावशी म्हणाला, तेव्हा बाईंना कळलं की पोरगा हादरलाय.

"जुनी फाइल कुठेय?"

"त्याच फाइलवर कुणीतरी सेव्ह केलंय. कालचं फक्त हे छापील चित्र उरलंय."

तेवढ्यात दार ढकलून साहेब आत आले. कंपनीचे मालक. हसतमुख, उंचेपुरे, चालताना किल्ल्या वाजवणारे. पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "वा! झालं ना ठीक? मग करा सही. दुपारी न्यायचंय."

"साहेब, हे कुणीतरी बदललंय."

"बदललंय की दुरुस्त केलंय?" साहेबांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. त्या कॉलनीत तुमची थोरली बहीण राहते. म्हणजे याची आई. आईच्या विहिरीकडे लाल रंग जावा असं कुणाला वाटेल? मला विचाराल तर खोटं कालचं चित्र होतं, खड्ड्याला परवानगीच मिळू नये म्हणून रंगवलेलं. आणि तुम्ही याच्या बाजूनं बोललात, तर सुनावणीत हाच प्रश्न तुम्हालाही विचारतील."

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी कप खाली ठेवला.

"मला दुपारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. "मग सही तरी करते, नाहीतर राजीनामा तरी देते."

२

दार लावून बाई पडद्यासमोर बसल्या. बहिणीचं घर डोळ्यांसमोरून हलेना. स्वयंपाकघरातला नळ, त्याखालची पितळी कळशी, आणि गेल्याबरोबर हातात येणारा पाण्याचा तांब्या. भीती वाटत होती आणि ती त्यांनी स्वतःपाशी कबूल केली. चुकीच्या चित्रावर सही झाली, तर तो तांब्या आणखी काही वर्षांनी विषाचा होणार होता.

"काल संध्याकाळी या मशीनवर कोण कोण होतं?"

"सगळेच," भाचा म्हणाला. "पासवर्ड एकच आहे, तोही भिंतीवर चिकटवलेला. काल संध्याकाळच्या चहानंतर साहेबांनीच सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, सीमेच्या अटी कशा टाकतात ते आम्हालाही दाखव."

सीमेच्या अटी म्हणजे मॉडेलला शिकवलेल्या पक्क्या गोष्टी. इथे नदी आहे, इथून पाणी मिळेल, इथे खडक आहे, इथून मिळणार नाही. संगणकाला बिचाऱ्याला स्वतःची अक्कल नसते. नदी आहे म्हटलं की तो नदी मानतो.

"सगळ्यांना म्हणजे?"

"साहेब, नकाशेवाला आणि ग्राहकाकडचा, म्हणजे खड्डा खणू पाहणाऱ्या कंपनीकडचा, तो खाणवाला. सरावाचं एका थराचं छोटं मॉडेल घेतलं आणि त्यात नदी टाकून दाखवली. रेघ ओढायची, थराचा आकडा टाकायचा, पाण्याची पातळी टाकायची, संपलं. मग मी घरी गेलो. ते तिघं इथेच होते."

म्हणजे नदी टाकायला तिघंही शिकले होते. बाईंनी पुन्हा आजचं चित्र पाहिलं. त्यात काहीतरी खुपत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं.

"थर एकेक करून उघड," त्या म्हणाल्या. "आधी दुसरा."

चिकणमातीचा थर आला. करडा, मधोमध खिडकीचा पांढरा तुकडा. खिडकी आठवणीतल्यापेक्षा जरा ऐसपैस वाटली, पण बाईंचं डोकं लाल डागात गुंतलं होतं.

"आता पहिला."

वरच्या वाळूचा थर उघडला. खड्डा होता, गावाच्या बाजूची टेकडी होती. भाचा पडद्यावर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

या थरातून नदी गायब झाली होती.

३

सापडली तेव्हा ती तिसऱ्या थरात होती. चिकणमातीच्या खाली, अंधारात, विहिरींना खेटून वाहत होती. तिची पातळीही कायमची पक्की केलेली. कितीही उपसा, कमी होणारच नाही.

"म्हणून विहिरींना वरच्या पाण्याची गरजच उरली नाही," भाचा पुटपुटला. "त्यांना खालूनच फुकटची नदी मिळाली. मग खिडकीतून लाल पाणी ओढतंय कोण? पण मावशी, असं कोण करेल? नदी जमिनीवर असते हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"तोच तर प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "फसवायचंच होतं तर इतकं वेडगळ का फसवायचं?"

नदीची रेघही त्यांनी निरखून पाहिली. जुन्या पुलापाशी खरी नदी चांगली घोड्याच्या नालासारखी वळते. ही मात्र पट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली होती.

नकाशेवाला पलीकडच्या खोलीत पारदर्शक कागद एकावर एक रचत बसला होता. किडकिडीत माणूस, बोटांना कायम शाई.

"काल नदी तुम्ही टाकलीत का?" बाईंनी थेटच विचारलं.

"मी? तुमच्या त्या चौकोन-चौकोनांत?" त्यानं कानाला हात लावला. "शिकलो ते शिकलो, पण हात नाही लावला. बघा, मी खालचा कागद आधी मांडतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. माझी पद्धत वेगळी, तुमची वेगळी."

बाईंनी ती सरळ रेघ कागदावर छापून आणली होती, ती त्याच्यापुढे धरली. त्यानं पाहिली आणि खरोखरच दुखल्यासारखा चेहरा केला.

"ही नदी आहे? अहो, पुलाचं वळण कुठं गेलं? त्या वळणासाठी मी चिखलात गुडघाभर उभा राहिलोय! कुणी मेल्यानं काढली ही?"

त्याचा राग खोटा नव्हता. इतक्या हुबेहूब संतापाचं नाटक करता येत असतं, तर तो नकाशे काढत बसला नसता.

खाणवाला मागच्या शेडमध्ये सापडला. तिथे बोअर खणताना निघालेले मातीचे नमुने लांब लाकडी पेट्यांत मांडून ठेवले होते, प्रत्येक पेटीवर बोअरचं ठिकाण. हा ग्राहकाकडचा माणूस. परवानगी मिळावी म्हणूनच तर आला होता, तेव्हा संशय आधी त्याच्यावरच जायला हवा.

"मला परवानगी हवीय, लपवत नाही," तो म्हणाला. "पण मी खणणारा माणूस आहे. खोटं खणलं तर पहिला मीच गाडला जातो." पेटीवरून त्यानं बोट फिरवलं. "बघा. एक, वाळू. दोन, चिकणमाती. तीन, पुन्हा वाळू. खणणाऱ्याला खाली काय आहे ते आधी कुठं माहीत असतं? जे पहिलं लागतं तो पहिला थर."

बाई त्याच्या बोटामागून पाहत होत्या. खड्ड्यापलीकडच्या जुन्या वीटभट्टीजवळच्या बोअरची पेटी शेवटची होती. मधला सगळा भाग सलग करडा, गुळगुळीत, हातभर लांब चिकणमाती.

"साहेब काल तुमच्याबरोबर निघाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी आणि नकाशेवाला एकत्रच निघालो, बसथांब्यापर्यंत. साहेब म्हणाले, दिवे मी बंद करतो."

हे ऐकून बाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शेवटी दिवे बंद करणं हा काही गुन्हा नव्हता.

४

साहेब आपल्या खोलीच्या खिडकीपाशी उभे राहून समोरच्या अर्धवट इमारतीकडे पाहत होते. जुनी सवय. कंपनी काढायच्या आधी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं इमारती बांधण्यात घालवली होती, आणि कुठेही स्लॅब पडताना दिसला की ते आपसूक थबकत.

"सापडला का चोर?" त्यांनी वळून विचारलं.

"साहेब, आजचं चित्र बरोबर आहे असं तुम्हाला का वाटतं?"

"अहो, साधी गोष्ट आहे. नदीला जोर असतो. खड्ड्यातलं पाणी नदी आपल्याकडे ओढून घेते आणि वाहून नेते. विहिरी राहिल्या बाजूला. पहिल्या थरातलं पाणी पिणाऱ्या त्या बायाबापड्यांना काय धोका?" ते हसले. "बाकी मला काय कळतं म्हणा. मी कुठे त्या सॉफ्टवेअरला हात लावतो!"

"काल शिकलात ना?"

"शिकलो कसला, माना डोलावल्या." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, मी स्पष्टच सांगतो. सही झाली नाही, तर मी सुनावणीत सांगेन की आमच्या मॉडेलवाल्यानं आईसाठी आकडे फिरवले आणि मावशीनं त्याला पाठीशी घातलं. त्या पोराला पुन्हा या धंद्यात कुणी उभं करणार नाही. विचार करा."

बाई बाहेर आल्या.  भिंतीला पाठ लावून त्यांनी ते सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा मनात म्हणून पाहिलं, शब्दाला शब्द.

नदी ओढून घेते. वाहून नेते.

सकाळपासून जे खुपत होतं, ते आत्ता लख्ख दिसलं. नदी ओढून घेत असेल, तर लाल डाग नदीच्या बाजूला झुकायला हवा होता. आजच्या चित्रात तो कुठेच झुकला नव्हता. म्हणजे साहेब बोलत होते ते पडद्यावरच्या चित्राबद्दल नव्हतंच. जे चित्र व्हावं असं कुणाला तरी वाटत होतं, त्याबद्दल होतं.

आणि पहिल्या थरातलं पाणी पिणारे? विहिरी तर तिसऱ्या थरात होत्या.

"सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलाव," त्यांनी भाच्याला सांगितलं. "फळा पुसून ठेव."

५

चौघं बसले. साहेब किल्ल्या वाजवत होते. बाईंनी प्रत्येकाच्या हातात कागदाचा चिटोरा दिला.

"सुनावणीच्या आधी मॉडेलमध्ये एक विहीर वाढवायचीय," त्या म्हणाल्या. "कॉलनीतलीच, इतरांइतकीच खोल. कुणाचा गोंधळ नको. कुठल्या थरात टाकायची, तो आकडा लिहा. नुसता आकडा."

भाच्यानं क्षणात लिहिलं. खाणवाल्यानंही. नकाशेवाल्यानं डोकं खाजवलं, मग लिहिलं. साहेबांनी हसत लिहून चिटोरा पुढे सरकवला.

बाईंनी फळ्यावर आकडे मांडले. भाच्याचा तीन. खाणवाल्याचा तीन. नकाशेवाल्याचा एक. साहेबांचा एक.

"एक कसा?" खाणवाला म्हणाला. "विहीर तर तळातल्या वाळूत आहे."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "तळ म्हणजे एक. मजले काय वरून मोजतात?"

बोलून गेल्यावर ते स्वतःच गप्प झाले. काहीतरी निसटलं हे कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"मजले खालूनच मोजतात, साहेब," बाई हलकेच म्हणाल्या. "पण थर वरून मोजतात. काल कुणालातरी नदीला जोर द्यायचा होता. जुनी नदी पुसून तिथे भरपूर पाण्याची नवी टाकायची होती, म्हणजे लाल पाणी तिकडे वळेल. तसं झालं असतं तर मीसुद्धा कदाचित फसले असते, कारण नदीचा जोर किती हा मतभेदाचा विषय आहे. पण त्या माणसाच्या डोक्यात सगळ्यात वरचा थर म्हणजे तिसरा. त्यानं तीन लिहिलं आणि नदी चिकणमातीखाली जाऊन पडली. लाल डाग विहिरींपासून दूर राहिला, मनासारखं झालं, म्हणून त्यानं पुन्हा उघडून पाहिलंच नाही."

खोलीत किल्ल्यांचा आवाज थांबला होता.

"भाच्याकडून ही चूक होणं शक्य नाही, रोज तेच करतो. खाणवाले वरून मोजतात. राहिले दोघं खालून मोजणारे." नकाशेवाला ताठ झाला. बाईंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. "पण यांनी नदी काढली असती, तर पुलाचं वळण कधीच सोडलं नसतं. ही नदी सरळ आहे. सरळ रेघा आखायची सवय असलेल्या माणसाच्या हातची आहे. आणि काल दिवे शेवटी कुणी बंद केले, ते इथे दोघांना माहीत आहे."

साहेबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग त्यांचे खांदे उतरले.

"हे काम हातचं गेलं तर कंपनीला कुलूप लागेल," ते म्हणाले. आवाजात आता हसू नव्हतं. "तुम्ही सगळे घरी बसाल. मला वाटलं, थोडं इकडचं तिकडे. नदी काय, खरीच तर आहे."

"खरी आहे, साहेब. पण जमिनीच्या वर."

खाणवाला उठला आणि बाहेर गेला. नकाशेवाल्यानं आपला वळणाच्या नदीचा नकाशा गुंडाळून छातीशी धरला.

६

भाच्यानं नदी पुन्हा पहिल्या थरात टाकली, जशी होती तशी, वळणासकट. मॉडेल चालवलं. कालची लाल जीभ पुन्हा निघाली आणि दहाएक वर्षांत विहिरींना भिडली. त्यानं अहवाल बाईंपुढे ठेवला, वर पेन ठेवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

"वाचवलंस, मावशी."

बाईंनी पेन उचललं. उचलून तसंच धरलं. साहेब खोटे होते हे सिद्ध झालं होतं. पण साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. आईच्या विहिरीकडे लाल रंग जावा असं कुणाला वाटेल?

"दुसरा थर उघड," त्या म्हणाल्या.

भाच्याचं हसू जागीच राहिलं. करडा थर आला, मधोमध पांढरी खिडकी. सकाळी ऐसपैस वाटली होती तीच. तिची एक कड थेट जुन्या भट्टीच्या खालपर्यंत पोचली होती.

बाई उठल्या आणि त्याला शेडमध्ये घेऊन गेल्या. भट्टीजवळच्या बोअरची पेटी उघडीच होती. त्यांनी त्याचा हात धरून त्या गार, करड्या, सलग चिकणमातीवर ठेवला, पडद्यावरच्या खिडकीत जी नव्हतीच.



"आई ते पाणी पिते," तो म्हणाला. रडू आवरताना आवाज चिरकला. "मला खात्री होती की पोचणारच. फक्त ठळक दिसावं म्हणून खिडकी थोडी वाढवली. थोडीशीच."

"साहेबही थोडंच म्हणाले."

"तू मला आणि त्यांना एका पंगतीत बसवतेस?"

"नाही रे." बाईंनी पेटीचं झाकण लावलं. "तू कुणाचा जीव जावा म्हणून केलं नाहीस. पण मॉडेलला ते कळत नाही. ते कागद वाचणाऱ्यालाही कळणार नाही. आणि ही पेटी सुनावणीत कुणी उघडली, तर तुझी खिडकीही खोटी आणि विहिरींचा धोकाही खोटा. मग खड्डा होणारच."

"आणि खरी खिडकी टाकली आणि लाल पोचलंच नाही तर?"

 "टाक," एवढंच त्या म्हणाल्या.

पडद्यासमोर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. भाच्यानं भट्टीखाली चिकणमाती परत भरली, जेवढी पेटीत होती तेवढी. खिडकी आकसली. मॉडेल सुरू झालं. लाल रंग खड्ड्यातून निघाला, रेंगाळला, खिडकीपाशी येऊन जवळजवळ थांबला. बाईंनी नकळत भाच्याचं मनगट घट्ट धरलं. दहा वर्षं गेली, काहीच नाही. बारा. लाल रंग एका चौकोनातून खाली उतरला, मग दुसऱ्यातून. सतराव्या वर्षी तो विहिरींपाशी पोचला. आधीपेक्षा फिका आणि उशिरा, पण पिण्याच्या पाण्यात चालणार नाही इतका नक्की.

भाच्यानं नवा अहवाल छापून आणला. बाईंनी सही केली, आणि त्याच कागदावर खाली दोन ओळी लिहिल्या. एक नदीबद्दल, एक खिडकीबद्दल.

"सुनावणीत आधी तू उभं राहायचंस," त्या म्हणाल्या. "खिडकीचं तू स्वतः सांगायचंस. नदीचं मग मी सांगते."

"मला काढून टाकतील, मावशी."

"टाकतील कदाचित. आणि भाच्याचं मॉडेल मावशीनं तपासलं म्हणून मलाही." बाईंनी त्याची उलटी झालेली कॉलर सरळ केली, तो शाळेत जायचा तेव्हा करायच्या तशी. "पण तू तोंडानं स्वतःची चूक सांगितलीस, तर उरलेल्या लाल रंगावर ते विश्वास ठेवतील. आईला एवढं पुरेल."

त्यानं मॉडेल बंद केलं. मग शेडमध्ये गेला, भट्टीजवळच्या बोअरची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि ती जड पेटी पोटाशी धरून बाईंच्या पुढे चालू लागला.